सासूबाईंना काय मानवत नाही

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला सगळा जिना भिंगरी म्हणतो, आणि तिलाही ते ठाऊक आहे. तिला एका जागी स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं असेल तर त्यानं पुढे यावं आणि शपथेवर सांगावं. चहा ती उभ्यानं पिते, वर्तमानपत्र चालता चालता वाचते, आणि फोन आला की स्वयंपाकघर ते गॅलरी अशा येरझाऱ्या सुरू होतात. खालच्या मजल्यावरच्यांनी छताकडे नुसता कान दिला तरी त्यांना कळतं, फोन माहेरचा आहे की ऑफिसचा. माहेरच्या फोनला पावलं मऊ पडतात. लग्नाच्या फोटोतसुद्धा नवरा स्पष्ट आला आहे आणि ती जरा पुसट.

अशा बाईच्या नशिबी काम यावं ते बसून करायचं! एका संशोधन संस्थेत ती दिवसभर कॉम्प्युटरसमोर असते. म्हणजे खुर्ची असते, ती आसपास असते. कामाबद्दल सांगायला लागली की लोक आधी हसतात आणि मग हळूच मान खाजवायला लागतात. घरात जे किडे भाडं न भरता राहतात, झुरळं, मुंग्या, पुस्तकातली कसर, पिठातले किडे, त्यांच्या अंगात असं काय असतं की माणसाला शिंका येतात, डोळे चुरचुरतात, दम लागतो? ते किड्याला बोटही न लावता कॉम्प्युटरवर ओळखायचं, हा तिचा धंदा.

हे कसं जमतं, ते तिनं जिन्यात उभं राहून सगळ्यांना कधी ना कधी समजावलेलं आहे. ऐकणाऱ्याच्या हातात भाजीची पिशवी आहे की गॅसची टाकी, हे ती बघत नाही. किड्याचं अंग हजारो प्रथिनांचं बनलेलं असतं. एकेक प्रथिन म्हणजे वीस जातींच्या मण्यांची लांबच लांब माळ. कुठला मणी कुठल्यामागे, हे जगभरच्या लोकांनी वाचून कॉम्प्युटरात भरून ठेवलंय. त्यातल्या काही माळा माणसाला त्रास देतात हे सिद्ध झालेलं आहे. पोलिसांकडे सराईत चोरांचे फोटो असतात तशी ती माळांची जंत्री. नवीन किडा आला की त्याची माळ जंत्रीशेजारी धरायची. चेहरा जुळला तर संशयित. आणि ज्यांचा चेहरा कुणाशीच जुळत नाही त्यांच्यासाठी शिकणारा प्रोग्राम असतो. त्याला दोन ढीग दाखवायचे, हा त्रास देणाऱ्यांचा आणि हा निरुपद्रवींचा. तो आपला आपण शिकतो, त्रास देणारा कसा दिसतो ते. मग नवी माळ दिली की सांगतो, हिचा संशय इतका, तिचा तितका.

"म्हणजे चुगलखोर," तिचा नवरा म्हणाला होता.

नवरा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. घरात जेवढी शांतता आहे ती सगळी त्याच्या वाटणीची. दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं बदलून 'हे बरं की ते बरं?' विचारायची सवय इतकी हाडीमाशी खिळली आहे की आमटी वाढतानाही तो तसंच विचारतो.

तर या घरात गेल्या वर्षी सासूबाई राहायला आल्या. त्या कोट शिवणाऱ्या. बायकांनी झबली-परकर शिवावेत असा काळ होता तेव्हा त्यांनी पुरुषांचे कोट शिवायचं दुकान थाटलं आणि गावभरच्या पुरुषांच्या खांद्यांची मापं काढली. पाठ वाकली तेव्हा दुकान विकलं आणि एक शिवणयंत्र आणि एक पत्र्याची मोठी पेटी घेऊन लेकाकडे आल्या. पेटीत काय, तर तुकडे. जो कोट शिवला त्याच्या कापडाचा एक तुकडा त्यांनी जपलेला. कोपर फाटलं, बाही जळली की गिऱ्हाईक दहा वर्षांनीसुद्धा यायचं, आणि बाईंकडे नेमकं त्याच ताग्यातलं ठिगळ निघायचं. दुकानाची सगळी ख्याती त्या पेटीवर. दुकानात ती उंच माळ्यावर असायची, लागेल तेव्हाच उतरायची. इथे ती मागच्या खोलीत पलंगाच्या उशाशी आली. वर पाण्याचा तांब्या, चष्मा, गोळ्या. दुपारी वेळ जाईना की बाई पेटी उघडायच्या आणि तुकडे हातात घेऊन बघायच्या. कुणाचा कोट, कुठल्या साली, बायकोनं रंगावरून कसं भांडण काढलं, सगळं त्यांना तोंडपाठ.

सासू-सुनेचं जमायचं का? जमायचं, म्हणजे रोज वाजायचं. "सूनबाई, तुझ्या पायांना चावी कोण देतं गं? सुट्टीच्या दिवशी तरी विसरायला सांग त्याला." असं सासूबाईंनी म्हणायचं आणि सुनेनं हसत हसत खोलीतून बाहेर, परत आत. पण ऑफिसातून आली की भिंगरी चपला काढायच्या आधी मागच्या खोलीत डोकावायची. आई लहानपणीच गेलेल्या मुलीला, कुणीतरी हक्कानं टोमणे मारायला घरात आहे, याचं केवढं सुख असतं ते ज्यांना आई आहे त्यांना नाही कळायचं.

मग सासूबाईंना खोकला सुरू झाला. सकाळी उठल्या उठल्या छातीत शिट्टी, दुपारी डोळ्यांतून पाणी, संध्याकाळी दोन वाक्यांत एक धाप. डॉक्टरांनी हातावर थेंब टाकून टोचून बघितलं. धुळीतले जंतू, झुरळ, मांजर, झाडांचा पराग. हात कोरा. कशाचाच फोड नाही. आणि लेकीकडे आठवडाभर राहायला गेल्या तर बाई एकदा खोकल्या नाहीत!

लेक म्हणजे भिंगरीची धाकटी नणंद. शाळेत गाणं शिकवते, त्यामुळे टोमणासुद्धा सुरात येतो. "वहिनी, माझ्याकडे आई कशी छान होती! जिना चढली दोनदा. मला तर बाई काही कळतच नाही."

डॉक्टर म्हणाले, "वातावरण बदलून बघा." नणंदेनं तो शब्द अलगद उचलला. त्यानंतर तिच्या प्रत्येक फोनमध्ये वातावरण यायचं.

आणि एके संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवून सासूबाईंनी सांगून टाकलं, "मला हे घर मानवत नाही. मी लेकीकडे जाते. यंत्र आणि पेटी नेते. टेम्पोचं बघा."

नवऱ्यानं मान हलवली. भिंगरीनं कप उचलले, सिंकमध्ये ठेवले, परत उचलले, धुतले, आणि धुतलेले परत धुतले. घर मानवत नाही! घर म्हणजे कोण? भिंती? भिंती तर नणंदेकडेही आहेत. घर म्हणजे घरातली बाई, हे न कळायला ती काय कुकुलं बाळ होती? जगातल्या किड्यांमध्ये लोकांना काय सोसत नाही ते शोधणारी बाई, आणि तिच्या स्वतःच्या सासूला ती सोसत नाही!

तेव्हापासून तिच्या पायाखालची फरशी तापली ती तापलीच. आईंना घरातलं दुसरं काहीतरी त्रास देतंय, मी नव्हे, हे टेम्पो यायच्या आत सिद्ध करायचं. नाहीतर आई गेल्याच, आणि जाताना मनात काय घेऊन गेल्या ते आयुष्यभर कळायचं नाही.

रविवारी ती टॉर्च, कागदी कप आणि चिकटपट्टी घेऊन जमिनीवर पालथी पडली.

"काय हरवलं?" नवऱ्यानं विचारलं.

"किडे शोधतेय."

"आपले?"

"नाही, शेजारच्यांचे! पाय उचल."

सासूबाई पलंगावरून बघत होत्या. "लोक किडे घालवायला माणूस बोलावतात. आमच्या घरी त्यांची हजेरी घेतात."

पुस्तकांच्या फळीमागे कसर निघाली, चंदेरी, सुळ्ळकन पळणारी. सिंकखाली एक झुरळ निघालं, त्यानं तिच्याकडे मालकासारखं बघितलं. मुंग्या होत्याच. आणि पलंगाखाली, पेटीच्या कडेला, एक आखूड तपकिरी अळी, जिऱ्याएवढी, अंगभर केस. शेजारी तिनं टाकलेल्या काती पडलेल्या, फुंकर मारली तर उडतील अशा. सगळे कपांत गेले.

दुसऱ्या दिवशी कप घेऊन ती संस्थेतल्या मैत्रिणीकडे गेली. ही खरोखरचे किडे कुटते, गाळते, त्यांचा अर्क काढते, म्हणून भिंगरीनंच तिला खलबत्तेवाली नाव ठेवलेलं. खलबत्तेवालीनं अळी बघून नाक मुरडलं. "ही लोकर खाते. हिचा मोठेपणी भुंगेरा होतो आणि खिडकीपाशी मरून पडतो. लोकांना वाटतं तीळ सांडलेत."

भिंगरीनं चौघांच्या माळा कॉम्प्युटरला दिल्या. झुरळ तर जंत्रीतलं जुनं गिऱ्हाईक, पण डॉक्टरांनी ते टोचून सोडून दिलेलं. मुंग्यांवरचा संशय कोमट. कसरीवर चांगला संशय आला. केसाळ अळीवर काहीच नाही. जंत्रीतल्या कुणाशी तिचा चेहरा जुळेना, आणि शिकणारा प्रोग्रामही म्हणाला, निरुपद्रवी.

मग काय! कसर सापडली, कसर सापडली, करत बाई घरी आली आणि पुस्तकांची फळी रिकामी झाली. नवऱ्याची जुनी मासिकं रद्दीत. भिंतीवरचा कागद खरवडला. घरभर असा धुरळा उडाला की खालच्या मजल्यावर कपडे वाळत घातलेल्यांनी ते परत धुतले आणि वर येऊन तसं कळवलं. सासूबाई त्या धुळीनं दुप्पट खोकल्या. कसर गेली, शिट्टी राहिली. उलट टेम्पोवाल्याला तारीख दिली गेली.

त्या संध्याकाळी भिंगरीचा तोल सुटला. मागच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "आई, एकदा स्पष्ट सांगा. इथे काय खुपतंय तुम्हाला?"

"काही नाही."

"कसं काही नाही? माझं काही चुकलं असेल तर बोला ना!"

"मी कधी तक्रार केलीय का तुझी? कुणाजवळ?"

"नाही केलीत. म्हणून तर कळत नाही!"

"मग झालं तर," असं म्हणून सासूबाईंनी पेटी उघडली, एक राखाडी तुकडा मांडीवर घेतला आणि खोकत खोकत त्याच्या कडा नीट करत बसल्या. भिंगरीला वाटलं हे आपल्याला 'जा' म्हणून सांगणं आहे. ती गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिला करमेना. कसरीचा निकाल परत बघितला. मुंग्यांचा बघितला. अळीचा बघितला आणि खुर्चीपासून लांब जाता जाता परत आली. काहीतरी टोचत होतं. अनोळखी माळ दिली की प्रोग्राम चाचरतो. असेल बुवा थोडी, नसेल बुवा फारशी, असा आकडा सांगतो. या अळीला मात्र त्यानं छातीठोकपणे नाही म्हटलं होतं. इतकी खात्री कुणाला असते? ज्यानं उत्तर घोकलेलं असतं त्याला. परीक्षेतला प्रश्न आधीच पाहिलेल्या पोराला.

तिनं प्रोग्रामच्या शिकवणीचे दोन ढीग उघडले आणि निरुपद्रवींच्या ढिगात शोधलं. अळी होती. तिच्या सगळ्या माळा होत्या. आणि त्या तिथे टाकणारी व्यक्ती? भिंगरी स्वतः! नोकरीला लागली त्या वर्षी. निरुपद्रवींचा ढीग मोठा करायचा होता, आणि निरुपद्रवी कुणाला म्हणायचं हा प्रश्न सगळ्यांनी एकाच सोप्या रीतीनं सोडवलेला. ज्याच्याविरुद्ध कुठे कुणी काही छापलेलं नाही, तो निरुपद्रवी. अळीविरुद्ध कुणी काही छापलं नव्हतं, कारण अळीकडे कुणी बघितलंच नव्हतं. तरुण, चपळ, घाईत असलेल्या भिंगरीनं तिला सज्जनांत बसवलं आणि पुढच्या कामाला धावली. प्रोग्राम इतकी वर्षं तेच घोकत होता.

मी तक्रार केलीय का कधी? भिंगरीच्या कानात खोकत खोकत आलेलं ते वाक्य पुन्हा वाजलं.

साहेबांना जाऊन सांगावं लागलं की, माझ्या आजवरच्या संशयितांच्या सगळ्या याद्या परत तपासायला हव्यात. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा काढला. ते सोसून तिनं ढीग उपसला. ज्याची कधी खरी तपासणी झाली आणि ज्यातून काही निघालं नाही, तेवढेच निरुपद्रवींत ठेवले. बाकीचे बाहेर. प्रोग्रामला नव्यानं शिकवणी दिली. त्याला वेळ लागतो, तोवर ती संस्थेचा व्हरांडा झिजवत होती, शिपाई म्हणाला, "बाई, तुम्ही खाली पडलेलं शोधताय का मी शोधू?"

परत आली तेव्हा केसाळ अळीच्या कातीतलं एक प्रथिन यादीत सगळ्यांच्या वर जाऊन बसलं होतं.

पण कॉम्प्युटर फक्त बोट दाखवतो. हे तिला इतरांना सांगून सांगून पाठ झालेलं. एकदा कसरीवर दाखवलेल्या बोटापायी घर खरवडून झालंच होतं. म्हणून ती आधी घरी पळाली नाही, खलबत्तेवालीकडे पळाली. किड्याचा अर्क काढायचा, सासूबाईंच्या रक्ताच्या थेंबाची त्याच्याशी गाठ घालायची. रक्त चिडलेलं असेल तर पट्टीवर डाग उमटतो.

"आणखी रक्त?" सासूबाई म्हणाल्या. "यापेक्षा ढेकूण बरे. ते निदान न विचारता घेतात." पण बाही वर केली. कशासाठी म्हणून विचारलं नाही. भिंगरीनंही सांगितलं नाही. परत तोंडघशी पडायची तिची तयारी नव्हती.

टेम्पोच्या आदल्या दिवशी खलबत्तेवालीनं तिच्यासमोर पट्टी धरली. कसरीपुढे कोरं. मुंगीपुढे कोरं. अळीपुढे काळा कुळकुळीत डाग.

"तुझी सासू अळीवर चिडलेली आहे," खलबत्तेवाली म्हणाली. "तुझ्यावर आहे का, ते या पट्टीवर दिसत नाही."

आनंदानं नाचत घरी जावं अशी बातमी! ती निघालीही तशीच. पण बसस्टॉपवर फोन वाजला. नणंद.

"वहिनी, उद्या येते हं मी टेम्पोबरोबर. आणि मनाला लावून घेऊ नकोस. काही घरंच तशी असतात. तू तरी काय करणार!"

सूर असा मधाळ की भिंगरी जागच्या जागी गोल फिरली. आणि त्या गिरकीत तिला एक गोष्ट सुचली. उद्या पेटी जाणार. पेटी म्हणजे अळ्या जाणार. नणंदेकडे त्या उशाशी बसतील, आई रोज दुपारी झाकण उघडतील, आणि महिन्याभरात तिथेही शिट्टी सुरू होईल. आपण फक्त गप्प बसायचं. मग एक दिवस फोन करायचा आणि म्हणायचं, अगं, मनाला लावून घेऊ नकोस, काही घरंच तशी असतात! हे वाक्य तिनं बसमध्ये उभ्या उभ्या मनात तीन चालींत म्हणून पाहिलं. तिन्ही आवडल्या.

घरी आली तेव्हा सासूबाई बॅग भरत होत्या. पट्टीचं पाकीट पर्समध्येच राहिलं. जेवताना तिनं नवऱ्याला तीनदा मीठ दिलं.

"काय झालंय?" त्यानं विचारलं.

"काही नाही."

"हे 'काही नाही' बरं, की नेहमीचं?"

ती उठून गॅलरीत गेली. थोड्या वेळानं आत आली. परत गेली. पहाटेपर्यंत फरशीला काही आराम मिळाला नाही.

सकाळी टेम्पो आला, नणंद आली, शिवणयंत्र गेलं, पलंगाची गादी गेली. शेवटी पेटी. टेम्पोवाला आणि नवरा दोन बाजूंनी धरून उतरवायला लागले. लिफ्ट अर्थातच बंद, या इमारतीत लिफ्ट फक्त पाहुणे नसताना चालते. जिन्याच्या वळणावर पेटी आपटली, झाकण उघडून परत बसलं, आणि मागून उतरणाऱ्या सासूबाईंनी कठडा धरला. खोकला सुटला तो थांबेना. त्या पायरीवर बसल्या. ओठ पांढरे, हात छातीवर, डोळे कुणालाच न बघणारे. नणंद पाठ चोळत होती आणि तिच्या आवाजातला सूर पार गेला होता. "आई, हळू घे, आई, हळू श्वास घे गं!"

भिंगरीनं वरच्या पायरीवरून ते बघितलं आणि तिची तिन्ही चालींतली गंमत जागीच संपली.

"पेटी ठेवा खाली," ती ओरडली. "टेम्पोत घालू नका ती!"

खोकला उतरला, पाणी झालं. मग तिनं जिन्यातच सगळं सांगितलं. अळी, काती, पट्टी, काळा डाग. या वेळी कुणाच्या हातात भाजीची पिशवी नव्हती. सगळ्या मजल्यांची दारं मात्र बोटभर उघडी होती.

नणंदेनं आधी तोंड उघडलं. "म्हणजे दोष आईच्या पेटीचा?"

"किड्याचा."

"आणि हे कळलं कधी तुला?"

खोटं बोलायला जागा होती. "काल," भिंगरी म्हणाली.

"काल! आणि आज सांगतेस? पेटी अर्धा जिना उतरल्यावर?"

सासूबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "का गं?"

"मला वाटलं," ती म्हणाली, "जाऊ दे पेटी हिच्याकडे. म्हणजे मग सगळ्यांना दिसेल की मी... की घर नव्हतं ते."

नणंदेच्या तोंडून नुसता आ निघाला. नवरा टेम्पोवाल्याकडे बघायला लागला, टेम्पोवाला छताकडे. आणि सासूबाई हसल्या. हसता हसता परत खोकल्या, खोकता खोकता परत हसल्या. "कच्ची आहेस," त्या म्हणाल्या. "मी असते तर टेम्पो वळेपर्यंत हात हलवला असता."

पेटी इमारतीच्या मागच्या अंगणात नेली आणि सासूबाईंनी लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला उभं राहून झाकण उघडायला लावलं. भिंगरी एकेक तुकडा उचलून दाखवत होती. राखाडी, भोकं. मातकट चौकडी, अर्धी खाल्लेली. निळा, चाळणी. तळाशी काती इतक्या की ओंजळ भरावी. सासूबाईंचा चेहरा काही दाखवत नव्हता. निळा तुकडा त्यांनी ओळखला असावा, कारण तेवढ्यापुरता त्यांचा हात पुढे आला आणि परत गेला.

"सगळं टाकून देऊ, आई," नणंद म्हणाली.

"तुझं गाणं टाक," सासूबाई म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "मी जाते हिच्याकडे. श्वास जरा ताळ्यावर येऊ दे. पेटी इथे राहू दे तुझ्याजवळ. एकेक तुकडा धुऊन काढ, खोली साफ कर. मग बघू."

"मग याल ना?"

"बघू म्हटलं ना. आणि पहाटेचं ते नाचणं, ते काही अळीच्या अंगावर ढकलू नकोस. अळ्या आवाज करत नाहीत."

टेम्पो गेला. 'बघू' हा शब्द मागे राहिला आणि त्यानं भिंगरीला नुसतं पिसाळून सोडलं. तिनं खोली रिकामी केली, फटीफटीतून काती ओढून काढल्या, पलंगाचे पाय धुतले, पडदे उकळले. पेटी आतून घासून उन्हात उलटी ठेवली. आणि तुकडे? अळी मारून भागत नाही, तिचे केस आणि काती कापडात राहतात, त्या निघाल्या पाहिजेत, असं खलबत्तेवाली म्हणाली होती. म्हणून पहिला गठ्ठा तिनं चांगल्या कढत पाण्यात घातला आणि घुसळला.

बाहेर काढला तर तुकडे तळहाताएवढे होते ते बिस्किटाएवढे झालेले. जाड, कडक, बुटाच्या तळव्यासारखे. किड्यांच्या हजार माळा वाचणाऱ्या बाईला लोकर आटते हे ठाऊक नव्हतं!

संध्याकाळी सासूबाईंचा फोन. "लोकर गरम पाण्यात घालू नकोस हो. सांगायचं राहिलं."

"नाही घालणार," भिंगरी म्हणाली. भविष्यकाळाच्या हिशेबानं ते खरंच होतं.

उरलेले तुकडे गार पाण्यात, हातानं, पुन्हा पुन्हा. अंगणातल्या दोऱ्यांवर कित्येक दिवस कुणाचे तरी खिसे, बाह्या, कॉलरी वाळत होत्या. फोन रोज यायचा. रंगांचे वेगळे ढीग कर, पिळू नकोस, दाबून पाणी काढ. परत येण्याचं कधी काही नाही. फोन ठेवल्यावर ती नवऱ्याला विचारायची, "आवाज कसा होता? दम लागल्यासारखा वाटला?" आणि तो म्हणायचा, "मी नाही ऐकला, तूच बोललीस." दर वेळी त्यावरून भांडण.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी सासूबाई आल्या. 'बघून जाते' म्हणाल्या. खाली गाडीत लेक बसून राहिली, बॅगही गाडीतच. त्या जिना चढल्या, मागच्या खोलीत गेल्या, खिडकी बघितली, पलंगाखाली वाकून बघितलं आणि पेटीपुढे बसल्या. भिंगरी दारात. नवरा तिच्यामागे.

झाकण उघडलं. सासूबाईंनी आत तोंड घालून वास घेतला. दारातल्या दोघांनी श्वास घेतला नाही. खोकला आला नाही. राखाडी काढला, झटकला. काही नाही. मातकट चौकडी काढली, नाकाजवळ नेली. काही नाही. निळा काढला, तो थोडा वेळ मांडीवर ठेवला. तरी काही नाही.

मग त्यांच्या हाताला तळातली बिस्किटं लागली.

"हे काय आहे?"

"आई, ते पहिल्या दिवशी—"

"हे काय केलंस तू? हा कुणाचा कोट होता माहीत आहे? चार महिने त्या माणसानं वाट बघितली होती या कापडाची! लोकर उकळतात? चहातलं आलं आहे का ते? शिकलेली आहेस ना तू? कुणी शिकवलं तुला, त्या किड्यांनी?"

आणि सुरू झालं. सासूबाईंनी एकेक आटलेला तुकडा हातात घेऊन त्याच्या मालकाची, त्याच्या बायकोची, ताग्याच्या भावाची आणि सुनेच्या अकलेची पहिल्यापासून शेवटपर्यंत उजळणी केली. सगळा जिना ऐकत होता. आवाज चढला, खाली आला, परत चढला. लांबच लांब वाक्यं, मध्ये कुठे ठेच नाही, शिट्टी नाही, धाप नाही. भिंगरी काय ऐकत होती कोण जाणे. शिव्या तर नक्कीच नव्हती ऐकत, कारण तिचा चेहरा भलताच उजळला होता आणि ते बघून सासूबाईंचा पारा आणखी चढत होता.

"हसतेस? वर हसतेस?"

खालून गाडीचा भोंगा वाजला. एकदा, दोनदा. सासूबाई मध्येच थांबल्या. नवऱ्यानं घाबरून पुढे पाऊल टाकलं, पण त्या दम घ्यायला थांबल्या नव्हत्या, पुढचं आठवत होत्या.

"आणि हो," त्या त्याला म्हणाल्या, "तिला सांग भोंगा बंद कर म्हणावं, लोक झोपलेत दुपारचे. बॅग घेऊन ये वर. हिच्याशी अजून संपलेलं नाही माझं."